विमान मी अडवलं म्हणे

बेंबळीच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते. शेजारची बाई कधीपासून माझ्याकडं टक लावून बघत होती. मी मान वळवल्यावर ती हसली आणि म्हणाली, "तुमीच व्हय त्या, इमान अडवणाऱ्या?"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट थोडं कौतुकच असावं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जुडी ढिगावर टाकली आणि तशीच घरी आले. त्या दिवशी सगळ्यांना पिठलं वाढलं. भाजी का नाही, असं कुणी विचारलं नाही. माझा चेहरा बघूनच कळलं असणार.

मी विमान अडवलं नाही. माझ्याकडं विमान अडवायचा अधिकारच नाही. हे मी घरात सांगितलं, कामावर सांगितलं, माहेरी फोनवर सांगितलं. ज्यांना सांगितलं ते मान हलवतात आणि पुन्हा तेच म्हणतात. म्हणून आता एकदा सगळं लिहूनच काढते.

धाराशिवच्या बाहेर माळावर एक धावपट्टी आहे. तिथं मुलं-मुली विमान चालवायला शिकतात. शिकवणाऱ्या संस्थेची एक रेडिओची खोली आहे, जिना चढून वर गेलं की तिन्ही बाजूंनी काचा. त्या खोलीत मी बसते. फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाले, मग केंद्र सरकारची रेडिओ परवान्याची परीक्षा दिली. दुसऱ्या खेपेला पास झाले. लग्न होऊन बेंबळीत आले तेव्हा हा परवाना माझ्या बॅगेत होता, आणि तो काय असतो हे सासरी कुणाला ठाऊक नव्हतं.

मोठ्या विमानतळावर टॉवर असतो. टॉवरमधला माणूस उतरा म्हणाला तर उतरायचं, थांबा म्हणाला तर थांबायचं. आमच्याकडं तसं नाही. आमच्या पट्टीवर मी फक्त माहिती देते. वारा कुठून आहे, किती आहे, झटके आहेत का. किती लांबचं दिसतंय. ढग किती खाली आलेत. आभाळात आणखी कुणी आहे का, आणि असेल तर कुठं. पट्टीवर कुत्रं आहे, शेळ्या आहेत, कुणाची मोटारसायकल आडवी गेली. एवढं सांगायचं आणि शेवटी इंग्रजीत एक ठरलेलं वाक्य म्हणायचं, त्याचा अर्थ, 'उतरायचं की नाही ते तुम्ही ठरवा'. ठरवणारा वर असतो. मी खाली असते. हा फरक समजायला फिजिक्स लागत नाही.

हे काम मला मनापासून आवडतं. एकदा एक विद्यार्थिनी पहिल्यांदाच एकटी आभाळात गेली होती. ती उतरायला वळली आणि इकडं कुंपणाच्या भोकातून दोन म्हशी पट्टीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं आणि जसं दिसत होतं तसं सांगितलं, पट्टीच्या मध्यावर दोन म्हशी. मग इंजिनाचा आवाज वाढला, विमान माझ्या डोक्यावरून पुन्हा वर गेलं. म्हशी हाकलल्यावर ती उतरली, जिना चढून माझ्याकडं आली, पाणी मागितलं, आणि पेला हातात धरून नुसतीच बसून राहिली. मी तिला थांब म्हटलं नव्हतं, वर जा म्हटलं नव्हतं. मी म्हशी सांगितल्या. बाकी तिनं केलं.

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, या कामाचा सुरुवातीला लई अभिमान होता. "आमची सून इमानाशी बोलती," असं ते पारावर सांगायचे. एकदा चार पाहुण्यांना जीपमध्ये घालून थेट पट्टीवर घेऊन आले होते. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही, तर तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्यांनी पाहुण्यांना माझी काचेची खोली दाखवली. मी वरून हात केला. मामांनी टोपी नीट केली आणि दोन्ही हात उंच करून मला उत्तर दिलं. गावातले लोक बघतात तेव्हा मामा असेच ताठ उभे राहतात. आयुष्यभर एका पक्षाचं काम केलंय त्यांनी. पद कधी मिळालं नाही. सभेला माणसं जमवायची, पुढच्या रांगेत बसायचं, नेत्यांनी नावानं हाक मारली की आठवडाभर ते घरात सांगायचं. त्यांची मिळकत एवढीच.

त्या वर्षी थंडीत माकणीच्या बाजूला एका पाणी योजनेचं उद्घाटन ठरलं. पक्षाचे बडे नेते विमानानं आमच्या पट्टीवर उतरणार, तिथून गाडीनं पुढं जाणार. मामांनी बेंबळीतून टेम्पो भरून माणसं न्यायचं अंगावर घेतलं. आदल्या संध्याकाळी जेवताना मला म्हणाले, "सूनबाई, उद्या साहेब तुझ्याच हातानं उतरणार. नीट बोल."

"मी रोजच नीट बोलते, मामा."

"तसं न्हाय. जरा जास्त नीट."

आत्या, माझ्या सासूबाई, हसल्या. मीही हसले.

सकाळी पट्टीवर पोचले तर काही दिसत नव्हतं. धुकं होतं, आणि नुसतं धुकं नव्हतं. आसपासच्या शिवारात ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवलेलं होतं. रात्रीचा तो धूर खाली बसला आणि धुक्यात मिसळला. असा काला झाला की ऊन वर आलं तरी तो उठत नाही. किती लांबचं दिसतंय हे सांगायला आमच्या ठरलेल्या खुणा आहेत. जवळ पंपाची खोली, मग पाण्याची टाकी, मग जिनिंगची चिमणी, आणि सगळ्यात लांब डोंगराची कड. त्या सकाळी पंपाची खोली दिसत होती, टाकी पुसट दिसत होती, चिमणी नव्हती. म्हणजे दीड किलोमीटर. आमच्यासारख्या पट्टीवर, जिथं उतरताना विमानाला वाट दाखवणारी यंत्रं नाहीत आणि वैमानिकाला डोळ्यांवरच भरवसा ठेवावा लागतो, तिथं पाच लागतात. मुलांचं उड्डाण त्या सकाळी बंदच ठेवलं होतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मग आमचे व्यवस्थापक जिना चढून वर आले. सोबत नेत्यांचे पीए. कडक पांढरा शर्ट, दोन फोन. खोलीत आल्या आल्या पीएनं काचेतून बाहेर बघितलं आणि मला विचारलं, "किती दिसतंय?"

"दीड किलोमीटर."

"उतरायला किती लागतं?"

"पाच."

"मग पाच सांगा."

चहात साखर किती टाकायची ते सांगावं, तसं तो म्हणाला. मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मी व्यवस्थापकांकडं बघितलं. ते माझ्याकडं न बघता टेबलाच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "हे उठतच आलंय. विमान इथं येईपर्यंत पाच होईलच. आत्ताच सांगून टाका, म्हणजे त्यांचं टेन्शन जाईल."

"झालं की सांगते, सर."

पीए पुढं आला. "ताई, तिकडं हजारो माणूस येऊन बसलंय. थंडीत बसलंय."

"आणि विमानात किती बसलेत?" मी विचारलं.

"आं?"

"विमानात किती माणसं आहेत?"

त्याचा एक फोन वाजायला लागला, तो कानाला लावून पीए जिन्याच्या तोंडाशी गेला. "येतायत, येतायत, सगळं ओके आहे," असं तो कुणाला तरी सांगत होता. सगळं ओके! चिमणी दिसत नव्हती मला.

थोड्या वेळानं रेडिओवर आवाज आला. पन्नाशीच्या माणसाचा, सावकाश, सवयीचा आवाज. पुण्याहून निघालेलं विमान, इतक्या उंचीवर, इतक्या अंतरावर. त्यानं ताजं हवामान मागितलं. हे सगळं इंग्रजीत चालतं. मी बटणावर बोट ठेवलं तेव्हा पीए माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याच्या हाताचा भार मला खुर्चीत जाणवत होता.

मी सांगितलं. वारा नाही. दृश्यमानता पंधराशे मीटर, धुकं आणि धूर. पट्टी मोकळी आहे. आभाळात दुसरं कुणी नाही.

"सुधारतंय का?" वैमानिकानं विचारलं.

"मगाचपासून फरक नाही."

"थांबा," तो म्हणाला.

विमानाचा आवाज वरून आला, लांबून, मग बरोबर डोक्यावर. "आले! वर आलेत!" पीए ओरडला आणि काचेला चिकटला. वर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. आवाज एक गोल फिरला. मग रेडिओवर तो माणूस म्हणाला, "आम्ही पुण्याला परत जातोय." मी ऐकल्याची पोच दिली. आवाज बारीक होत गेला.

एवढंच झालं. मी 'उतरू नका' म्हटलं नाही. त्यानं परवानगी मागितली नाही, मी नाकारली नाही. मागायची परवानगीच नव्हती आणि नाकारायची जागाच नव्हती. वर बसलेल्या माणसानं खालची माहिती ऐकली, विचार केला, आणि मागं फिरला. ज्यासाठी मला तिथं बसवलंय ते काम त्या सकाळी अगदी जसं व्हायला पाहिजे तसं झालं.

पीएनं टेबलावर हात आपटला. "काय केलंत तुम्ही हे?" तो म्हणाला. "कळतंय का काय केलंत?" आणि धाडधाड जिना उतरून गेला.

मग ऊन पडलं. दुपारच्या डब्याआधीच आभाळ असं निळं झालं की धुऊन वाळत घातल्यासारखं. चिमणी दिसली, डोंगराची कड दिसली, कडेवरची झाडंसुद्धा मोजावीत अशी दिसली. व्यवस्थापक पुन्हा वर आले. हाताचा पंजा काचेकडं करून म्हणाले, "बघा. बघा जरा." जणू ते धुकं मी पदराखाली लपवून आणलं होतं आणि काम झाल्यावर परत नेलं. मला त्यांचा राग आला, त्या उन्हाचासुद्धा राग आला. सकाळी कुठं होतं ते?

संध्याकाळी घरी गेले तर मामा ओसरीवर बसलेले. टोपी काढून शेजारी ठेवलेली. मामा घरात असले तरी टोपी काढत नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तर त्यांनी घेतला नाही.

"तू साहेबांना न्हाय म्हणलीस?"

"मी कुणालाच न्हाय म्हणत नाही, मामा. माझ्या कामात तो शब्दच नाही. मी सांगते फक्त."

"मग इमान का फिरलं?"

"कॅप्टननं फिरवलं."

"कॅप्टन तर म्हणतुय तू फिरवलं."

मला कळेना. मामांनी मग सगळं सांगितलं. माकणीला माणसं ताटकळली, भाषणं झाली, कुणी ऐकली नाहीत. जेवणं उरकून लोक उठले. मग पुण्याहून फोन आला. नेत्यांनी विमानातच कॅप्टनला झापलं होतं, आणि कॅप्टन म्हणाला होता, 'खालच्या रेडिओवाल्या बाईनं उतरू दिलं नाही.' मंडपात कुणीतरी विचारलं, कोण ती बाई? आणि दुसऱ्या कुणीतरी मामांकडं बोट केलं.

"सगळ्यांम्होरं," मामा म्हणाले. "बोट केलं माझ्याकडं."

मी नवऱ्याकडं बघितलं. येरमाळ्याला हायवेवर त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे, दिवसभर तो पंपांच्या जळक्या तारा उपसतो आणि नव्या गुंडाळतो. तो खाली बघून नखातलं काळं काढत होता. "तुम्ही तरी सांगा," मी म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना आता." मला वाटतं त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग त्या 'जाऊ दे' चा आला. आत्या आतून म्हणाल्या, "जेवून घ्या आदी, मग भांडा." आम्ही जेवलो. भांडायचं राहिलं ते राहिलंच.

काही आठवड्यांनी नेते रस्त्यानं येऊन येरमाळ्यात सभा करून गेले. भाषणात त्यांनी विनोद केला. "आमच्या जिल्ह्यातल्या ताया आता एवढ्या खंबीर झाल्यात, की एका ताईनं आमचं विमान हवेतल्या हवेत परत पाठवलं." लोक खदखदून हसले. ते कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि ते घरोघर फिरलं. मामा त्या सभेत पुढच्या रांगेत होते. त्या फितीत मामा दिसतात. तेही हसतायत. मला त्यांचं ते हसणं बघवलं नाही. पुन्हा पुन्हा बघितलं तरी.

व्यवस्थापकांनी मला खाली बोलावून सांगितलं, "यापुढं कुणी मोठं येणार असेल तर हवामान सांगायच्या आधी मला विचारायचं."

"वैमानिक विचारेल तेव्हा तुम्हाला शोधत बसू, सर?"

"तसं नाही हो. समजून घ्या."

"मग तसं लेखी द्या."

ते काही लेखी आलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. विमान शिकवणारे दोघं-तिघं एकटे भेटले की म्हणायचे, "मॅडम, तुमचं बरोबर होतं." एकटे भेटले की. चार माणसांत एकानंही म्हटलं नाही.

उन्हाळा लागता लागता तेच राहिलेलं उद्घाटन पुन्हा ठरलं. त्या दिवशी आभाळ लख्ख होतं. रेडिओवर आवाज आला आणि मी ओळखला. तोच सावकाश, सवयीचा आवाज. बोलले मात्र नेहमीसारखंच. वारा इतका, दृश्यमानता दहाच्या वर, पट्टीच्या कडेला एक कुत्रं बसलंय, ते हललेलं नाही. ते अलगद उतरले. नेते गाड्यांच्या ताफ्यात बसून माकणीकडं गेले. कॅप्टन विमानाजवळ राहिले.

दुपारी मी जिना उतरले आणि उन्हातून चालत त्यांच्याकडं गेले. ते पंखाच्या सावलीत बॅगेवर बसून संत्रं सोलत होते. माझा आवाज ऐकल्यावर उठून उभे राहिले.

"त्या दिवशी तुम्ही दिलेली माहिती अगदी बरोबर होती," ते आपणहून म्हणाले. "मला वरून पट्टी दिसतच नव्हती. तुम्ही पाच म्हटलं असतं तर मी खाली शिरलो असतो. आणि मग काय झालं असतं ते माहीत नाही."

मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. उलट डोकं आणखी तापलं.

"मग मी उतरू दिलं नाही असं का सांगितलंत?"

त्यांनी संत्र्याची फोड हातातच धरली. "ते माझ्या मानेमागं बसले होते. ओरडत होते. मी ठरवलं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरा कॅप्टन. खालून उतरू दिलं नाही म्हटलं की ते गप्प बसतात. मला वाटलं, रेडिओ म्हणजे सरकार. तुम्हाला कोण काय करणार?"

"मी सरकार नाही. मी बेंबळीची सून आहे."

त्यांनी फोड परत सालीवर ठेवली.

"तुम्ही एक वाक्य बोललात आणि पुण्याला उतरून घरी गेलात," मी म्हटलं. "ते वाक्य इथं राहिलं. माझ्या सासऱ्यांकडं भर मंडपात बोट केलं लोकांनी. ते आता संध्याकाळी ताफ्याबरोबर इथं येतील. त्यांना सांगा."

"सांगतो," ते म्हणाले. "नक्की सांगतो."

संध्याकाळी ताफा आला. मामा मागच्या जीपमधून उतरले. मी त्यांना हात धरून कॅप्टनसमोर आणलं. अशी मी मामांचा हात धरून कधी चालले नव्हते. कॅप्टननी नमस्कार केला आणि सुरुवात केली, "काका, त्या दिवशी तुमच्या सूनबाईंनी..." एवढ्यात नेते आपल्या गाडीतून उतरले आणि विमानाकडं यायला लागले. कॅप्टनचं वाक्य तिथंच मोडलं. ते वळले आणि विमानाचं दार उघडून उभे राहिले.

नेत्यांनी मला बघितलं. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं असावं. हसत म्हणाले, "काय ताई, आज जाऊ देणार ना?"

भोवतीचे सगळे हसले. पीए हसला, व्यवस्थापक हसले. आणि मामांनीही तोंड हसरं केलं, त्या फितीतल्यासारखं.

माझा तोल तिथं गेला. तोल गेला असं लोक म्हणतात. मला विचाराल तर मी पूर्ण शुद्धीवर होते.

"साहेब, मी जाऊ देत नाही आणि अडवतही नाही," मी म्हटलं. "तो अधिकार मला नाही, कधीच नव्हता. त्या दिवशी पाच किलोमीटर दिसतंय असं खोटं सांगा, असं मला तुमच्या माणसानं सांगितलं होतं. मी जे दिसत होतं ते सांगितलं. मागं फिरायचं ह्या कॅप्टननी ठरवलं. त्यांना विचारा."

हसणं थांबलं. नेते पीएकडं बघत नव्हते, माझ्याकडंही नाही. त्यांनी कॅप्टनकडं मान वळवली. "असं आहे का?"

कॅप्टन दाराला हात लावून उभे होते. मला वाटलं आता ते पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलतील. त्यांनी दारावरचा हात काढला.

"हो सर," ते म्हणाले. "मीच फिरवलं. आज तसंच धुकं असतं तर आजही फिरवलं असतं."

नेते तडक विमानात चढले. मला जिना चढून परत माइकवर जावं लागलं, कारण वारा सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मी धापा टाकत वारा सांगितला. कॅप्टननी नेहमीसारखी पोच दिली आणि विमान गेलं.

मामांना मी स्कूटीवर मागं बसवून घरी आणलं. निम्म्या रस्त्यात ते माझ्या कानाशी म्हणाले, "त्या माणसाची नोकरी जाईल."

"जाईल बहुतेक."

"मग बोललीस कशाला?"

"तुम्ही ऐकावं म्हणून."

उसाची एक ट्रॉली समोरून आली, तिला वाट देऊन मी स्कूटी रस्त्यावर घेतली तेव्हा ते म्हणाले, "ऐकलं."

मामांनी पक्ष सोडला नाही. अजूनही सभेला जातात. पण एकदा पारावर कुणी मला विमान अडवणारी म्हणालं, तेव्हा त्यांनी त्याला भर चौकात सुनावलं, "अडवत न्हाय ती. डोळ्याला दिसतं ते सांगती. तुला दिसतंय का तरी?" हे मला आत्यांनी सांगितलं. मामांनी स्वतः काही सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला नेत्यांचं विमान आलं तेव्हा आवाज दुसरा होता. कोवळा, घाईतला. जुन्या कॅप्टनचं काय झालं मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. मी बोलले याचा मला पस्तावा आहे का, असं नवऱ्यानं एकदा विचारलं. नाही. बरोबर ठरवलेल्या गोष्टीसाठी कुणालातरी शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती एक तर माझी नाही तर त्या माणसाची, अशी ही सगळी मांडणी ज्यांनी केली त्यांचा मला राग आहे. नवरा या वेळी जाऊ दे म्हणाला नाही. एवढं मात्र झालं.

तो नवा कॅप्टन आला त्या दिवशी पट्टीला आडवा वारा सुटला होता. कडेच्या खांबावरची, वारा दाखवणारी कापडी पिशवी फाटेल की काय अशी ताणली होती. मी वारा सांगितला, झटके सांगितले, मग पुन्हा एकदा सांगितले, कारण त्याची पोच नीट आली नव्हती. शेवटी तो घाईघाईनं म्हणाला, "कळलं मॅडम, कळलं," आणि खाली आला. विमानाचं एक चाक आधी टेकलं, विमान उसळलं, तिरकं झालं, उजवा पंख एवढा खाली गेला की मी खुर्चीतून उठले आणि माझा हात आग लागली की वाजवायच्या घंटीवर गेला. मग ते कसंबसं सरळ झालं आणि थांबलं.

काही झालं नाही. नेते हसत उतरले, पीएनं हार घातला, गाड्या निघून गेल्या. व्यवस्थापक वर आले आणि खूश होऊन म्हणाले, "बघितलंत? असा पाहिजे पायलट."

मी माइककडं वळले. एक विद्यार्थी उड्डाणासाठी तयार होऊन रेडिओवर वारा विचारत होता. मी त्याला वारा सांगितला, झटक्यांसकट. तो म्हणाला, आज नको मग, आणि विमान पुन्हा छपराखाली घेऊन गेला.